सल्ला पोचला तरच सल्ला: दिव्यांग शेतकऱ्यांसाठी सुगम्य संकेतस्थळे

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे शहर मराठी वाचकाला तंजावरच्या भोसले राजघराण्यामुळे ऐकून माहीत असते. शेतीच्या क्षेत्रात त्याची ओळख आणखी एका कारणाने आहे. डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांचा जन्म ७ ऑगस्ट १९२५ रोजी याच शहरात झाला. त्यांचे वडील डॉ. एम. के. सांबशिवन तेथे शल्यचिकित्सक होते. त्या काळी कुंभकोणममध्ये हत्तीरोगाचा मोठा उपद्रव होता. डॉ. सांबशिवन यांनी रुग्णांवर उपचार करण्यापुरते आपले काम मर्यादित ठेवले नाही. त्यांनी शहरातील नागरिकांना संघटित केले आणि डासांची उत्पत्तिस्थाने नष्ट करण्याची मोहीम उभारली.

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या मोहिमेचा अर्थ सरळ आहे. हत्तीरोगाचे कृमी पसरवणारा क्युलेक्स डास साचलेल्या सांडपाण्यात वाढतो. सुजलेला पाय रुग्णाचा असला, तरी त्या दुखण्याचे मूळ गटारात असते. परिसर दुरुस्त केला, की पुढील कित्येकांचे पंगुत्व टळते.

दिव्यांगत्वाविषयीचा आजचा विचारही याच वाटेने जातो. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये करार केला व भारताने २००७ मध्ये त्यास मान्यता दिली. शरीरातील उणीव आणि परिसरातील अडथळा यांची गाठ पडते तेव्हा माणूस समाजव्यवहारातून बाहेर फेकला जातो, अशी या कराराची भूमिका आहे. पायऱ्यांशेजारी उतार बांधला, की चाकाची खुर्ची कार्यालयात जाते. शेतीविषयक माहितीचे मोठे दालन आता संकेतस्थळांवर आणि मोबाइलवर उघडले आहे. त्या दालनाला असा उतार आहे का, हा प्रश्न कृषी विस्ताराच्या क्षेत्रात अजून पुरेशा गांभीर्याने विचारला जात नाही.

प्रश्न किती मोठा आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २.६८ कोटी दिव्यांग व्यक्ती होत्या. त्यांपैकी सुमारे ६९ टक्के, म्हणजे १.८६ कोटी व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. पाहणे, ऐकणे आणि हालचाल करणे यांत अडचण असलेल्यांची संख्या प्रत्येक प्रकारात ५० लाखांहून अधिक होती. यांतील अनेकांचे जीवन शेतीशी बांधलेले आहे. मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत हात गमावलेला शेतकरी, मोतीबिंदूमुळे अक्षर न दिसणारा वृद्ध, जन्मतः कर्णबधिर असलेली परंतु स्वतःची भाताची खाचरे सांभाळणारी महिला, ही माणसे प्रत्येक तालुक्यात आढळतात. विस्तार कार्यकर्त्यांच्या सभेत ती मागच्या रांगेत बसतात. संकेतस्थळावर मात्र त्यांना अनेकदा रांगही मिळत नाही.

कुंभकोणमच्या सुपुत्राने दाखवलेली वाट

डॉ. स्वामिनाथन यांनी १९८८ मध्ये चेन्नई येथे आपले संशोधन प्रतिष्ठान स्थापन केले. या प्रतिष्ठानाने १९९८ मध्ये पुदुच्चेरीच्या ग्रामीण भागात ग्राम माहिती केंद्रे सुरू केली. विल्लियनूर हे मुख्य केंद्र होते व गावोगावची केंद्रे त्याला बिनतारी यंत्रणेने जोडलेली होती. एंबलम गावात हे केंद्र मंदिराच्या आवारात होते. केंद्रे चालवणाऱ्यांत गावातील महिला स्वयंसेविका मोठ्या संख्येने होत्या आणि माहिती तमिळमध्ये दिली जात असे.

वीरमपट्टिनम या मच्छीमारांच्या गावातील व्यवस्था विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. समुद्रातील लाटांच्या उंचीचा अंदाज अमेरिकी नौदलाच्या संकेतस्थळावरून घेतला जाई, त्याचे तमिळ रूपांतर होई आणि ध्वनिवर्धकावरून तो साऱ्या किनाऱ्याला ऐकवला जाई. समुद्रावर जाणाऱ्या मच्छीमाराला संगणकासमोर बसावे लागत नसे, अक्षर ओळखावे लागत नसे. वाचता न येणारा आणि डोळ्यांनी अधू असलेला, दोघेही ती माहिती इतरांच्या बरोबरीने घेत. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी नल्लवाडू गावात सिंगापूरहून आलेला धोक्याचा दूरध्वनी अशाच केंद्राच्या ध्वनिवर्धकावरून गावभर पोचला. लोकांना किनाऱ्यापासून वेळीच दूर नेता आले.

एकच माहिती एकाहून अधिक मार्गांनी पोचवावी, हा या प्रयोगाचा धडा होय. ध्वनिवर्धक अंधाला उपयोगी पडतो, कर्णबधिराला पडत नाही. फलकावरील मजकूर कर्णबधिराला कळतो, अंधाला कळत नाही. दोन्ही असतील, तरच गाव पूर्ण होते. सुगम्य संकेतस्थळाची रचना याच तत्त्वावर उभी आहे.

आकडा योग्य, निर्णय चुकीचा

कुंभकोणमजवळच अडुतुरई येथे १९२२ मध्ये स्थापन झालेले भात संशोधन केंद्र आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै, सांबा आणि तालडी या भाताच्या हंगामांत जे कीटक त्रास देतात, तेच भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि कोकणातील शेतकऱ्यांच्याही परिचयाचे आहेत: खोडकिडा, पाने गुंडाळणारी अळी, गादमाशी आणि तपकिरी तुडतुडे.

तपकिरी तुडतुड्यांचे उदाहरण घेऊ. हा कीटक चुडाच्या बुंध्याशी राहून रस शोषतो. वरून पीक हिरवे दिसत असते आणि लक्षात येईपर्यंत खाचरात करपलेले गोल पट्टे पडू लागतात. तमिळनाडूतील शिफारशीनुसार एका फुटव्यावर सरासरी १ तुडतुडा आढळल्यास नियंत्रणाचे उपाय योजावेत. मात्र प्रत्येक चुडात तुडतुडे खाणारा कोळी आढळत असेल, तर ही पातळी २ तुडतुडे इतकी धरावी. निसर्गातील मित्रकीटकांचे काम जमेस धरणारी ही शिफारस आहे. संकेतस्थळावर ती सहसा तक्त्यात दिली जाते: एका स्तंभात कीटक, दुसऱ्यात कोळी नसतानाची पातळी, तिसऱ्यात कोळी असतानाची पातळी.

दृष्टिहीन व्यक्ती संगणक किंवा मोबाइल वापरते ती स्क्रीन रीडर नावाच्या आज्ञावलीच्या साहाय्याने. पडद्यावरील मजकूर ही आज्ञावली मोठ्याने वाचून दाखवते. तक्ता योग्य रीतीने बांधलेला असेल आणि त्यातील शीर्षके संगणकाला शीर्षके म्हणून सांगितलेली असतील, तर प्रत्येक आकड्यासोबत त्याचे शीर्षकही ऐकता येते. शीर्षके केवळ ठळक अक्षरात रंगवलेली असतील, तर शेतकऱ्याच्या कानावर पडते ते इतकेच: ‘तपकिरी तुडतुडे, एक, दोन.’ कोणता आकडा कोणत्या परिस्थितीसाठी, हे कळत नाही. आणि तोच तक्ता छायाचित्राच्या रूपात टाकला असेल, तर काहीच ऐकू येत नाही.

कीटकनाशकांच्या तक्त्यात हा दोष अधिक गंभीर ठरतो. ‘दोन, पाचशे, चौदा’ असे तीन आकडे ऐकणाऱ्याने त्यांतील कोणते मिलिलिटर, कोणते पाण्याचे लिटर आणि कोणते फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबण्याचे दिवस समजावेत? संशोधकाने वर्षानुवर्षे राबून काढलेली मात्रा अचूक असते, छापणाराही ती अचूक छापतो. तरी शेतात पोचेपर्यंत ती चुकीची होऊ शकते. अनावश्यक फवारणी झाली, तर कोळी आणि मिरीड ढेकूण यांसारखे मित्रकीटक मरतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके वापरल्यास तुडतुड्यांचा उद्रेक उलट वाढतो, हेही भातपट्ट्यात अनुभवास आलेले आहे. संकेतस्थळाच्या बांधणीतील दोष अशा रीतीने पीक संरक्षणातील दोष बनतो.

रंगाचा त्रिकोण काय शिकवतो?

सुगम्य रचनेचा एक उत्तम नमुना प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या फळीवर आहे. कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणातील रंग विषारीपणा दर्शवतो: लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम विषारी आणि हिरवा म्हणजे किंचित विषारी. कीटकनाशक नियम, १९७१ केवळ रंगावर थांबलेले नाहीत. वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द असतो आणि अत्यंत विषारी वर्गासाठी कवटी व हाडांचे चिन्हही असते. लाल व हिरवा यांतील भेद काही व्यक्तींना ओळखता येत नाही आणि असे रंगांधत्व पुरुषांत स्त्रियांपेक्षा बरेच अधिक आढळते. अशा शेतकऱ्याला रंग फसवतो, तेथे शब्द आणि चिन्ह त्याला सावध करतात.

कीड सर्वेक्षणाचे नकाशे काढताना हा धडा विसरला जातो. लाल तालुका म्हणजे प्रादुर्भाव अधिक, हिरवा म्हणजे कमी, एवढीच खूण नकाशावर असेल, तर रंगांधाला दोन्ही तालुके सारखेच दिसतात आणि अंधाला नकाशाच दिसत नाही. प्रत्येक तालुक्यावर ‘अधिक’, ‘मध्यम’, ‘कमी’ असा शब्द लिहावा आणि नकाशाखाली तीच माहिती मजकुरात द्यावी. महाराष्ट्रात २००९-१० पासून राबवल्या गेलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पाने शेतातील कीड निरीक्षणे संगणकावर आणून शेतकऱ्याच्या मोबाइलवर सल्ला पाठवण्याची वाट पाडली. अशा लघुसंदेशाचा साधा मजकूर स्क्रीन रीडर वाचतो आणि कर्णबधिर शेतकरीही तो स्वतः वाचतो. साधेपणाचे हे बळ आकर्षक भित्तिपत्रकांच्या मागे लागून गमावता कामा नये.

चार कसोट्या

संकेतस्थळे कोणालाही वापरता यावीत, यासाठी जागतिक पातळीवर वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था मार्गदर्शक तत्त्वे ठरवते. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आणि दुसरीचीच सुधारित २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. दुसऱ्या आवृत्तीपासून त्यांचा सारा विस्तार चार कसोट्यांभोवती आहे.

पहिली कसोटी: माहिती जाणवली पाहिजे. प्रत्येक अर्थपूर्ण चित्राला त्याचे वर्णन करणारा पर्यायी मजकूर हवा. ‘छायाचित्र १’ हे वर्णन नव्हे. ‘भाताच्या बुंध्याशी तपकिरी तुडतुडे, वर पिवळी पडलेली पाने’ हे वर्णन होय. ध्वनिचित्रफितीला उपशीर्षके हवीत. नेहमीच्या आकाराची अक्षरे आणि त्यामागील रंग यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे शेतीला साजेशी वाटतात. वृद्ध डोळ्यांना मात्र ती वाचता येत नाहीत.

दुसरी कसोटी: संकेतस्थळ चालवता आले पाहिजे. ज्याचा हात माउस धरू शकत नाही, त्याला केवळ कळफलकाने सर्व कामे करता यावीत. मोबाइलवरील बटणे फार लहान व एकमेकांना चिकटून नसावीत. अर्ज भरण्यास दिलेली वेळ संपत आल्यास ती वाढवून घेण्याची सोय असावी.

तिसरी कसोटी: मजकूर समजला पाहिजे. वाक्ये सरळ, शब्द शेतकऱ्याच्या वापरातील, आणि चूक झाल्यास नेमके काय चुकले ते सांगणारी सूचना असावी. ‘अवैध नोंद’ एवढे सांगून शेतकऱ्याला परत पाठवणे योग्य नव्हे. ‘सातबारावरील गट क्रमांक अंकांत लिहा’ असे सांगावे.

चौथी कसोटी: रचना भक्कम असावी, म्हणजे वेगवेगळ्या उपकरणांवर आणि साहाय्यक आज्ञावलींत ती तशीच चालावी. मराठीच्या दृष्टीने ही कसोटी सर्वांत मोलाची आहे. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या पोटात तो रोमन अक्षरांच्या संकेतांचा ढीग असतो. स्क्रीन रीडर तो ढीगच वाचतो. स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तिकेची पीडीएफ तर त्याच्या लेखी केवळ चित्र असते. अनेक दशकांचे शेतीविषयक मराठी साहित्य अशा मुक्या धारिकांत पडून आहे. ते युनिकोडमध्ये आणले, तर अंध वाचकाला ते ऐकता येईल आणि डोळस वाचकालाही शब्द टाकून शोधता येईल.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश असून माहिती व संपर्क तंत्रज्ञान सुगम्य करण्याविषयी स्वतंत्र कलम आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्र शासनाची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत व त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सुगम्यतेचे निकष केवळ शिफारसवजा न ठेवता बंधनकारक नियम करण्याचे निर्देश केंद्र शासनास दिले. त्यानंतर ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मानले. डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याची पद्धत दृष्टिहीनांना व ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्यांना कशी बाहेर ठेवते, हा प्रश्न त्या खटल्यात होता.

शेतकऱ्यालाही हा विषय दूरचा नाही. पीएम-किसान योजनेतील ई-केवायसी ओटीपी, बोटांचे ठसे किंवा चेहऱ्याची ओळख अशा तीन मार्गांनी करता येते. मातीकामाने ठसे झिजलेल्या शेतकऱ्याला दुसरा मार्ग किती मोलाचा असतो, हे प्रत्येक विस्तार कार्यकर्ता जाणतो. दिव्यांगांसाठी ठेवलेला पर्याय असा सर्वांच्या कामी येतो. ठळक अक्षरे उन्हात उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हवीत, मोठी बटणे चिखलाच्या हाताला हवीत आणि वाचून दाखवला जाणारा मजकूर ट्रॅक्टर दुरुस्त करत बसलेल्यालाही हवा.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

संकेतस्थळ बांधणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी ते तपासणे कोणालाही शक्य आहे. पुढील सहा चाचण्यांना खर्च नाही.

१. अँड्रॉइड मोबाइलमधील टॉकबॅक ही सोय सुरू करावी आणि डोळे मिटून आपल्या संस्थेचा आठवड्याचा सल्ला ऐकावा. संगणकासाठी एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य मिळतो; २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका दृष्टिहीन संगणकतज्ज्ञाने त्याच्या कामास प्रारंभ केला.

२. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब आणि एंटर या कळांनी अर्ज शेवटपर्यंत भरून पाहावा.

३. पीडीएफमधील एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही, तर ते चित्र आहे. चिकटवल्यावर निरर्थक अक्षरे उमटली, तर फॉन्ट जुना आहे.

४. नकाशे आणि आलेख कृष्णधवल छापून पाहावेत. अर्थ नाहीसा झाला, तर तो केवळ रंगावर टांगलेला होता.

५. ध्वनिचित्रफीत आवाज बंद करून पाहावी. औषधाचे नाव व मात्रा तरीही कळली पाहिजे.

६. पानावरील दुव्यांचे शब्द तेवढेच वेगळे वाचावेत. प्रत्येक ठिकाणी ‘येथे क्लिक करा’ असेल, तर स्क्रीन रीडरवर दुव्यांची यादी ऐकणाऱ्याला कोणता दुवा कशाचा हे कळणार नाही. ‘भातावरील कीड नियंत्रणाचा तक्ता’ असे लिहावे.

मोबाइलवरील शेतकरी गटांत सल्ल्याची सुबक चित्रपत्रके पाठवण्याचा प्रघात आहे. चित्रपत्रक जरूर पाठवावे. त्याखाली तोच सल्ला युनिकोड मराठीत टंकलिखित करून पाठवावा आणि शक्य असल्यास एका मिनिटाचा ध्वनिसंदेशही जोडावा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या क्रमांकाची माहिती देताना कर्णबधिर शेतकऱ्यासाठी लघुसंदेशाचा किंवा प्रत्यक्ष भेटीचा मार्गही सांगावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नवे संकेतस्थळ किंवा ॲप खुले करण्यापूर्वी ते परिसरातील दोन-चार दिव्यांग शेतकऱ्यांच्या हाती द्यावे. नव्या वाणाची शिफारस शेतावरील चाचणीशिवाय होत नाही. माहितीच्या साधनालाही तोच नियम लागू करणे उचित ठरेल.

कुंभकोणमच्या त्या शल्यचिकित्सकाने रुग्णाच्या पायापाशी न थांबता गटारापर्यंत जाऊन पाहिले. शेतकरी सल्ला पाळत नाही, अशी तक्रार कानी येते तेव्हा विस्तार यंत्रणेनेही तसेच पुढे जाऊन पाहिले पाहिजे: तो सल्ला त्याला दिसला होता का, ऐकू आला होता का, हाताने उघडता आला होता का? उत्तर नकारार्थी असेल, तर दुरुस्ती शेतकऱ्यात करायची नसून पानात करायची आहे, आणि ती आपल्याच हाती आहे.